थांबायला सांगितलेलं विमान

पितळेच्या वजनाला बोट लावायचं नाही. बोटाचा घाम लागतो आणि पाचशे ग्रॅम पाचशे ग्रॅम राहत नाहीत. चिमट्याने उचलायचं, मखमलीवर ठेवायचं.

ताईचा मेसेज: माझं ऑपरेशन तेवीस तारखेला ठरलंय. बाबांना महिनाभर तुझ्याकडे ठेवू का? जमेल की नाही ते स्पष्ट सांग.

जिन्यातला दिवा तीन दिवस झाले मिचमिचतोय. शेजारीण म्हणते, कोणीतरी बघायला पाहिजे. कोणीतरी म्हणजे कोण, ते ती सांगत नाही.

गाडी विकत घेणाऱ्याने दोनदा आत डोकावून विचारलं होतं, "सगळं जुनं आणि मागच्या सीटचं कव्हर तेवढं नवं कसं?"

"टॉवर, आम्ही अजून इथेच आहोत."

हे शेवटचं वाक्य बोलणारा माणूस चिडलेला नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं, चिडलेल्या माणसाची माफी मागता येते. त्याचा आवाज साधा होता, गर्दीच्या दुकानात आपला नंबर कधी लागेल असं विचारताना होतो तसा, जरासा संकोचलेला. शनिवारची संध्याकाळ होती, सहा वाजायला आले होते. ते वाक्य ज्याच्यासाठी होतं तो बैठकीच्या खोलीच्या कोपऱ्यात, कपड्यांच्या इस्त्रीसाठी म्हणून घेतलेल्या टेबलाशी, कानांवर हेडफोन चढवून बसला होता आणि समोरच्या पडद्यावर एका विमानतळाचा नकाशा होता, त्यावर हिरवे ठिपके. ठिपका म्हणजे विमान आणि विमान म्हणजे आणखी कुठल्या तरी घरात, कुठल्या तरी टेबलाशी बसलेला एक माणूस. घरोघरी माणसं कॉम्प्युटरवर विमानं उडवतात, आणि त्या विमानांची एकमेकांना टक्कर होऊ नये म्हणून आणखी काही माणसं आपापल्या घरी बसून टॉवर चालवतात: तू आधी, तू मागून, तू उतर, तू थांब. खेळ म्हणावा तर त्याला पुस्तकं आहेत, शिकवण्या आहेत, परीक्षा आहेत. नोकरी म्हणावी तर पगार नाही. बायको म्हणायची, "खोटी विमानं, खोटा टॉवर. डोकेदुखी तेवढी खरी." त्या संध्याकाळी तो शिकाऊ होता, शिकवणारी मुलगी दुसऱ्या गावाहून ऐकत होती, आणि त्याने चार-एक-सात नावाच्या विमानाला सांगितलं होतं की रनवेवर ये, उभा राहा आणि थांब. हा हुकूम रोजचाच असतो. समोरचं विमान बाजूला झालं की उडायची परवानगी द्यायची, मधली मिनिटं वाचतात. चार-एक-सात आला, उभा राहिला, थांबला. मग कोणीतरी तिसऱ्याने हवामान विचारलं, चौथ्याने रस्ता विचारला, पाचवा उतरायला आला. आणि त्याने पाचव्याला त्याच रनवेवर उतरायची परवानगी देऊन टाकली. अगदी स्वच्छ आवाजात. तेव्हा ते वाक्य आलं. चार मिनिटं झाली होती. त्याचे हात टेबलावर होते आणि ते टेबलाच्याच लाकडाचे असावेत तसे पडून होते. शेवटी मुलीनेच मध्ये तोंड घातलं, उतरणाऱ्याला वरच्या वर परत पाठवलं, चार-एक-सातला उडवलं, आणि सगळं मार्गी लागल्यावर खासगी चॅनेलवर म्हणाली, "काका? आहात ना?"

तो होता. कुठे ते त्याला नीट सांगता आलं नसतं.

"होतं असं," मुलगी म्हणाली. "प्रत्येकाचं एकदा होतंच. माझं तर परीक्षेत झालं होतं, तिथं रडले मी. तुम्ही रडत नाहीयात ना?"

"नाही."

"मग तुम्ही माझ्यापुढे आहात. आता ऐका. कोणाला रनवेवर उभं केलं, की आधी पट्टी, मग तोंड. लाल पट्टी आडवी ठेवल्याशिवाय तो हुकूम तोंडातून बाहेरच काढायचा नाही. कानाला खडा लावा."

पट्ट्या त्याने स्वतः कापल्या होत्या, जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याच्या, बोटभर रुंद, वीतभर लांब. मुलगी आणि तिच्या वयाचे सगळे त्या पडद्यावरच ठेवत; पण त्याला हाताला काहीतरी लागल्याशिवाय लक्षात राहिलंय असं वाटत नसे. एक विमान, एक पट्टी. विमान पुढे सरकलं की पट्टी पुढे. दिसायला सोपं, पत्त्यांच्या डावासारखं. पण पट्टी काही बोलत नाही. ती नुसती पडून असते आणि आपण तिच्याकडे बघू अशी तिची समजूत असते. त्या शनिवारी चार-एक-सातची पट्टी बरोबर जागेवर होती, चहाच्या कपाखाली.

मुलगी बावीस-तेवीसची असेल. तिला त्याने कधी पाहिलं नव्हतं. मनात तो तिला मास्तरीण म्हणायचा. ती शिकवताना काहीतरी खात असायची, आणि कुठेतरी तिचा भाऊ "तुझं विमान संपलं का, मला कॉम्प्युटर दे" म्हणून ओरडायचा. तिला त्याच्याबद्दल एवढंच माहीत होतं की काका एकोणपन्नास वर्षांचे आहेत, वजनकाटे तपासायच्या खात्यात आहेत आणि त्यांचा आवाज चांगला आहे. आवाज चांगला म्हणजे न हलणारा. तिने हे सांगितलं तेव्हा त्याला बरं वाटलं होतं, आणि मग लगेच आठवलं की त्या दिवशीसुद्धा त्याचा आवाज चांगलाच होता, गोदामाच्या अंगणातून पोलिसांना फोन करताना त्याने पत्ता, फाटक, गाडीचा रंग, आईचं वय सगळं ओळीने सांगितलं होतं आणि पलीकडचा माणूस म्हणाला होता, साहेब, तुमच्यासारखं नीट कोणी सांगत नाही.

आईला कित्येक वर्षांपासून ऐकू कमी येत होतं. कानाच्या डॉक्टरांनी साडेअकराची वेळ दिली होती आणि गोदाम वाटेवरच होतं. ट्रक तोलायचा मोठा काटा, नुसता शिक्का मारायचा, दहा मिनिटांचं काम. आई पुढच्या सीटवर बसत नसे. म्हणायची, पुढं बसलं की सगळ्या गाड्या माझ्याच अंगावर येतात. त्याने भिंतीकडेला सावलीत गाडी लावली आणि मागे वळून मोठ्याने म्हणाला, "दहा मिनिटं. उतरू नकोस, इथं ट्रक मागं-पुढं होतात, तुला ऐकू येणार नाही." आई म्हणाली, "मी कुठं जातेय? या वयात मला कोण पळवून नेणार? तू ये सावकाश." आणि पिशवीतून लोकर काढली. दहा पन्नास. मग काटा चाळीस किलो जास्त दाखवायला लागला. तोच ट्रक पुन्हा चढवला तर वीस कमी. असं का, ते शोधायला तो फळ्यांच्या खाली उतरला, पाठीवर झोपून, बॅटरी दातांत धरून, आणि त्याला सापडलं: एका कोपऱ्याखाली दगडाएवढा घट्ट झालेला चिखल. तो खरवडून काढला आणि काटा शून्यावर असा येऊन थांबला की गोदामाचा मॅनेजर म्हणाला, वा साहेब. त्या मॅनेजरनेच त्याला स्वतःच्या गाडीत घालून मागच्या फाटकाने दुसऱ्या आवारात नेलं, तिथे चौदा लहान काटे होते. ते चौदाही त्याने केले. मॅनेजर आपल्या सासऱ्याच्या गोष्टी सांगत होता, सासरा कंजूष, घड्याळसुद्धा रविवारी बंद ठेवतो. तो हसला होता, पोट धरून. जेवण तिथल्याच कँटीनमध्ये झालं. दोन वाजता एक हमाल दारात येऊन म्हणाला, "साहेब, पलीकडं ती पांढरी गाडी तुमची का?" सावली तोवर कधीच भिंतीच्या दुसऱ्या बाजूला गेली होती.

लोकांना वाटतं विसरणं म्हणजे एक भोक असतं. तसं नव्हतं ते. ते तीन तास दहा मिनिटं गच्च भरलेली होती, कामाने, चिखलाने, सासऱ्याने, आणि खरं सांगायचं तर सुखाने. कित्येक महिन्यांत त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं. चौदा काटे करताना तो शीळ घालत होता. हे त्याने कोणाला सांगितलं नाही. पोलिसांना सांगितलं नाही, कारण त्यांनी विचारलं नाही. ताईला सांगितलं नाही. बायकोला सांगायला एकदा तोंड उघडलं होतं, ती कपड्यांच्या घड्या करत होती, त्याने विचारलं, "मोजे आणखी कुठं आहेत?"

प्रकरण अपघात म्हणून मिटलं. खात्याने त्याला बाहेरच्या कामावरून काढून आत बसवलं, तळमजल्यावरच्या खोलीत, जिथे तापमान वर्षभर वीस अंश ठेवतात आणि मापाची वजनं मापाच्या वजनांशी ताडून बघतात. तिथे कोणी कोणाला विसरू शकत नाही. तिथे कोणी नसतंच. शेजारच्या टेबलावरचा कारकून जेवणाच्या सुट्टीत कॉम्प्युटरवर विमान उडवायचा. त्याने एकदा आवाज मोठा करून ठेवला आणि टॉवरवरचा कोणी अनोळखी माणूस बोलताना ऐकू आला. नऊ विमानं होती त्याच्याकडे. एकाला म्हणाला, दोन मिनिटांनी बोलावतो, आणि मध्ये सात जणांशी बोलून, एकाशी वाद घालून, बरोबर दोन मिनिटांनी त्याने त्या माणसाला बोलावलं. तो हातात चिमटा तसाच धरून ऐकत राहिला. तो माणूस एकालाही विसरला नाही. कारकून म्हणाला, "साहेब, एवढं काय त्यात? शिकवतात." त्याच संध्याकाळी त्याने नाव घातलं.

आठ महिने झाले त्याला. ग्राउंड झालं, म्हणजे विमानं नुसती जमिनीवर चालवायची. आता टॉवर, रनवे. परीक्षा पंधरा तारखेला, रविवारी दुपारी चारला. ताईला त्याने कळवलं, पंधरानंतर सांगतो. तिने विचारलं, पंधराला काय आहे? त्याने लिहिलं, ऑफिसचं आहे. बायकोने ते वाचलं असावं. ती इस्त्री जमिनीवर चादर पसरून करायला लागली आणि टेबल पूर्णपणे त्याचं झालं.

बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. गोळ्या दिवसातून पाच वेळा, दोन जेवणाआधी, तीन नंतर, काठी, न्हाणीघरात कोणीतरी दाराशी उभं लागतं. आई गेल्यावर ताई त्यांना घेऊन गेली ती गेलीच. त्या दिवसाबद्दल बाबांनी एका शब्दाने विचारलं नव्हतं. फोनवर म्हणायचे, "काय रे, उतरली का विमानं?" तो म्हणायचा, उतरली. "सगळी?" सगळी. "मग झालं तर." आणि फोन ताईकडे द्यायचे. त्या 'सगळी?' मध्ये काही होतं की नव्हतं ते त्याला आजवर कळलं नव्हतं. तो तो शब्द घरात घेऊन फिरायचा, जीभ दुखऱ्या दातावर जाते तशी त्याच्यावर जायची. त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं, कोणाला ताकास तूर न लागू देता: टॉवर पास झालो तर बाबांना आणायचं. दोन तास, दहा-बारा विमानं, एकही न विसरता. मग पाच गोळ्या काय आणि एक काठी काय. नापास झालो तर, तर काय ते त्याने पुढे ठरवलं नव्हतं. त्याच्या डोक्यात तिथे नुसती एक उन्हाने पांढरी झालेली भिंत होती.

त्या शनिवारनंतर मात्र त्याने एक केलं. कोणालाही रनवेवर उभं करायचंच बंद केलं. सगळी विमानं रनवेच्या बाहेर, रेषेच्या अलीकडे. समोरचा पट्टा पार मोकळा झाला की मगच एकेकाला आत घ्यायचं आणि लगेच उडवायचं. रनवेवर थांबलेलं असं कोणी नाहीच. त्यामुळे रांग व्हायची, चार, पाच, सात, शेवटचा वैतागून विचारायचा की टॉवर झोपलाय का. पण तो शांत असायचा. रांगेत उभं असणं वेगळं. रांगेतल्या माणसाच्या पुढे-मागे माणसं असतात.

मास्तरणीच्या ते दोन वेळांतच ध्यानात आलं. "काका, तुम्ही रनवे वापरायला बसलाय की जपायला?"

"चूक होण्यापेक्षा बरं."

"दुधाने तोंड पोळलं म्हणून ताक फुंकून पितात ते ठीक आहे. तुम्ही ताकाचं भांडंच फडताळात ठेवून कुलूप लावलंय. परीक्षक तो हुकूम द्यायला लावणार. जड विमान उडालं की मागच्याला हवा निवळेपर्यंत दोन मिनिटं थांबवायचंच असतं. तिथं काय करणार?"

"रेषेच्या बाहेर थांबवीन."

"आणि मागं आठ जणांची वरात? नापास करतील हो. ते फार खडूस आहेत, माझ्या वेळी म्हणाले होते, तुझा आवाज ऐकून विमानं परत घरी जातील." ती खात होती ते थांबली. "काका, एक विचारू? मागं काही झालंय का? म्हणजे नेटवर्कवर?"

"नेटवर्कवर नाही."

मग तिचा भाऊ ओरडला आणि ती म्हणाली, "चला, मी तुमच्यासमोर विमान घेऊन येते. मलाच उभं करा. मी विसरू देणार नाही तुम्हाला." ती आली. त्याने लाल पट्टी आडवी ठेवली, तोंड उघडलं, हुकूम दिला. ती रनवेवर येऊन उभी राहिली आणि थांबली, आणि हेडफोनमध्ये काहीच येईना. बोलायचं नसतंच, थांबणाऱ्याने बोलायचं नसतं, ही त्यातली रीत. एक मिनिट. तो पट्टीकडे बघत होता. तिच्याखेरीज कुठे बघायची त्याला हिंमत होत नव्हती. हिरव्या ठिपक्यात कोणी मागच्या सीटवर बसून टाके मोजतंय, एक सुलट, एक उलट, असं त्याला स्वच्छ दिसत होतं. टाके मोजताना आई ओठ हलवायची. किती ओळी झाल्या असतील तीन तास दहा मिनिटांत? लोकर पोलिसांनी परत दिली होती, पण सुया वेगळ्या काढून, आणि टाके सुटले होते, मोजता आलं नाही. "उड," तो म्हणाला. नियमाचा शब्द तो नव्हता. मास्तरीण उडाली. वर गेल्यावर म्हणाली, "छान. फक्त विमानाला अरे-तुरे करू नका."

पंधरा तारखेला चारला पाच मिनिटं कमी असताना बायकोने पडदा ओढला, पाण्याचा तांब्या ठेवला आणि आतल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. परीक्षक साठीचा असावा, खोकायचा. म्हणाला, "घाबरू नका. इथं कोणी मरत नाही." हे तो सगळ्यांनाच म्हणत असणार. मास्तरीण ऐकायला होती, पण परीक्षेत तिला बोलायची बंदी. पहिला तास त्याने असा काढला की नंतर त्याला त्यातलं काहीच आठवलं नाही. पट्ट्या हातातून सरकत होत्या, आवाज न हलता चालला होता, अकरा विमानं, प्रत्येकाला वेळेवर. पाच-आठ-आठने निघायची परवानगी मागितली तेव्हा रनवेकडच्या वाटेवर गर्दी होती, त्याने सांगितलं, थांबा, मी बोलावतो. मग जड विमान उडालं आणि त्याच्या मागे दोन-शून्य-नऊ. रांग वाढत होती. आता. त्याने लाल पट्टी आडवी ठेवली आणि दोन-शून्य-नऊला रनवेवर उभं राहून थांबायला सांगितलं. आवाज हलला नाही. पलीकडून एका बाईचा आवाज आला, बरोबर तोच हुकूम पुन्हा म्हणून दाखवणारा. घड्याळात दोन मिनिटं लावली. सहा-तीन-एक दूरवरून उतरायला येत होता, त्याला बराच अवकाश होता. पट्टीकडे बघ. ठिपक्याकडे बघ. पट्टी. ठिपका. चाळीस सेकंद झाले आणि ठिपका नाहीसा झाला.

रनवे रिकामा होता. करडा पट्टा, वर काही नाही.

त्याने हाक मारली, दोन-शून्य-नऊ. उत्तर नाही. पुन्हा. पुन्हा. असं होतं, त्याला माहीत होतं. कुणाची लाइट जाते, कुणाचं कनेक्शन तुटतं, माणूस जातो तेव्हा विमानही जातं, पट्टी उचलायची आणि पुढचं काम करायचं, पुस्तकात अर्ध्या ओळीचं आहे. सहा-तीन-एक म्हणाला, उतरू का? त्याचा हात लाल पट्टीपर्यंत गेला आणि तिच्यावर पडला. उचलेना. "परत वर जा," तो सहा-तीन-एकला म्हणाला. "रनवेवर विमान आहे." सहा-तीन-एक वर गेला, पण जाताना म्हणाला, "टॉवर, आम्हाला तर कोणी दिसत नाही." खासगी चॅनेलवर परीक्षक खोकला. "रनवे मोकळा आहे हो. ती गेली. लाइट गेली असेल तिच्याकडे."

"मी तिला थांबायला सांगितलंय."

"सांगितलं होतंत. आता नाहीये ती."

त्याला शब्द कळत होते. परीक्षक म्हणतो ते बरोबर होतं, पडदा बरोबर होता, सगळ्यांना दिसत होतं ते बरोबर होतं. पण दोन वाजता हमाल दाराशी आला त्याच्या आदल्या क्षणापर्यंत त्या कँटीनमध्येही सगळं बरोबरच होतं, आणि रिकामा दिसणारा पट्टा रिकामा आहे असं समजून त्यावर कोणाला तरी उतरवायचं म्हणजे काय, ते या खोकणाऱ्या माणसाला कुठून कळणार. दोन-शून्य-नऊ, ऐकू येतंय का? दोन-शून्य-नऊ. सहा-तीन-एक वळसा घालून पुन्हा आला आणि पुन्हा वर गेला. त्याच्या मागे आणखी दोघं. रांगेतले एकेक बोलायला लागले, एकावर एक, हेडफोनमध्ये नुसता बाजार. आणि त्या सगळ्याच्या खालून तो एकाच नंबराला हाका मारत राहिला, स्वच्छ, न हलणाऱ्या आवाजात, साडेसात मिनिटं. मग परीक्षक म्हणाला, "थांबवू या," आणि चॅनेल त्याच्याकडून काढून घेतला. पहिलं वाक्य परीक्षकाने पाच-आठ-आठला उद्देशून म्हटलं. तो पस्तीस मिनिटं जागेवरच होता, बोलावतो म्हणून सांगितलेला. त्याची पट्टी टेबलाखाली पडली होती.

निकाल सांगताना परीक्षक खडूस नव्हता. म्हणाला, हात चांगला आहे, आवाज फार चांगला. "पण नसलेल्या एकीला धरून बसलात आणि असलेले सगळे सोडलेत. असं चालत नाही." मास्तरीण नंतर राहिली. महिन्याने परत देता येते, म्हणाली. मग म्हणाली, "बरं, ती दोन-शून्य-नऊवाली परत आली. लाइटच गेली होती. सॉरी म्हणतेय तुम्हाला." त्याने बरं म्हटलं. हेडफोन काढल्यावर कानांना हवा लागली आणि खोली एकदम मोठी वाटली. बाहेर ऊन अजून होतं. बायको दार उघडून उभी राहिली, त्याच्याकडे पाहिलं, आणि चहा ठेवायला गेली. तिला विचारायची गरज पडली नाही.

त्याने ताईला फोन लावला. थांबून विचार केला असता तर लावला नसता.

"हं, बोल," ताई म्हणाली. तिच्याकडे टीव्ही चालू होता.

"ताई, नाही जमणार."

टीव्हीचा आवाज बारीक झाला. "काय झालं?"

"काही झालं नाही. नाहीच जमणार."

"बायको नको म्हणतेय का?"

"नाही. तिचं काही नाही. मीच."

ताई हळू आवाजात, बहुधा दुसऱ्या खोलीत जाऊन, म्हणाली, "सगळे म्हणाले होते, त्याला विचारू नकोस. हे म्हणाले, मामी म्हणाली. मी म्हटलं, विचारणार. माझा भाऊ आहे. एकदा झालं म्हणून काय जन्मभर त्याला कोणी काही सोपवायचंच नाही का? भांडले मी त्यांच्याशी. तू हो म्हणायला हवं होतंस रे. नंतर मी बघितलं असतं काय ते."

"आणि नंतर काही झालं असतं तर?"

"तर झालं असतं."

ताईने नाक पुसलं. "बरं. एक जागा बघून ठेवलीय, तिथं महिनाभर ठेवतात. नर्स असते. उद्या कळवते त्यांना."

पलीकडे काठीची टकटक जवळ आली आणि बाबांचा आवाज, फोनपासून लांबून पण मोठा, ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी वर्षानुवर्षं बोलून मोठा झालेला: "कोण गं, तोच ना? कधी येतोय न्यायला, विचार. मी बॅग भरून ठेवलीय. आज सकाळपासून भरून बसलोय म्हणावं."

"बाबा, थांबा जरा," ताई म्हणाली. "बोलतेय मी."

"थांबलोच आहे की. मी कुठं जातोय?"

ताईने विचारलं, "देऊ त्यांना?"

तो नको म्हणाला.

गोदामाच्या अंगणात त्या दिवशी गाडीचं एकही दार लॉक नव्हतं.